जेऊरची हिरवी रेषा

शनिवार, २२ जानेवारी १८९८. पौष अमावास्येच्या त्या भर दुपारी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर चढली, सह्याद्री ओलांडून ईशान्येकडे सरकली, सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात जेऊर गावावर सुमारे दोन मिनिटे अंधार पसरून विदर्भाच्या दिशेने निघून गेली. त्या दोन मिनिटांसाठी जेऊरच्या माळरानावर कित्येक आठवडे तयारी चालली होती. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तिथे उतरले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या उपकरणांसह आले होते. जपानमधूनही एक तुकडी आली होती. जेऊर निवडण्यामागे कारणे होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पुणे-सोलापूर मार्गावर हे स्टेशन होते, त्यामुळे लाकडी पेट्यांतली अवजड आणि नाजूक सामग्री थेट मुंबई बंदरापासून रुळांवरून येऊ शकत होती. शिवाय हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. इथल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे जो शाप वाटत आला, तो कोरडेपणा जानेवारीत आकाश बघणाऱ्याला वरदान ठरतो. त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले आणि मोहीम यशस्वी झाली.

आज सोलापुरातला विद्यार्थी मोबाइलवर हबल किंवा जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली तेजोमेघांची चित्रे पाहतो, तेव्हा त्याला जेऊरची आठवण होण्याचे काही कारण दिसत नाही. तारे जिथे जन्माला येतात त्या वायू-धुळीच्या ढगांशी करमाळा तालुक्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे, हेच इथे सांगायचे आहे. अवकाश दुर्बिणीचे खरे काम सुंदर चित्रे काढणे हे नाही. प्रकाशाचे पृथक्करण करून त्यातल्या रेषा मोजणे, हे तिचे काम. त्या रेषांच्या वाचनाचा पाया ज्या पिढीने घातला, तिच्या कामातला एक महत्त्वाचा वाटा पुण्यात १८९१ साली आणि दुसरा जेऊरला १८९८ साली पार पडला. गरुड तेजोमेघातले ‘सृष्टीचे स्तंभ’ म्हणून जगप्रसिद्ध झालेले हबलचे चित्र घ्या. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी १९९५ साली घेतलेल्या त्या चित्रातले रंग कॅमेऱ्याला दिसलेले रंग नव्हेत. गंधकाच्या आयनांचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनच्या आयनांचा निळा, अशी ती वाटणी आहे. तीन वेगळ्या गाळण्यांतून तीन वेगळ्या रेषांचा प्रकाश टिपायचा आणि मग एकत्र मांडायचा. त्यातली ऑक्सिजनची जी रेषा, तीच नायगमवालांनी पुण्यात मृगातल्या तेजोमेघात तपासली होती. ती कशाची आहे हे मात्र तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

या अज्ञानाची हकिगत १८६४ पासून सुरू होते. इंग्लंडमध्ये विल्यम हगिन्स यांनी त्या वर्षी आपला वर्णपटदर्शक पहिल्यांदा एका तेजोमेघाकडे वळवला. ताऱ्याच्या प्रकाशात दिसतो तसा सलग रंगपट्टा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसल्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा. म्हणजे हा ताऱ्यांचा दुरून धूसर दिसणारा पुंजका नव्हता, तो विरळ, प्रकाशणारा वायू होता. शतकभर चाललेल्या वादाचा निकाल एका रात्रीत लागला खरा, पण नवा प्रश्न उभा राहिला. सर्वांत ठळक रेषा, आजच्या मोजणीने ५००.७ नॅनोमीटरची, पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नव्हती. मग आकाशात एखादे अनोळखी मूलद्रव्य असावे अशी कल्पना निघाली आणि त्याला ‘नेब्युलियम’ असे नावही मिळाले. नॉर्मन लॉकियर यांना हे मान्य नव्हते. ‘नेचर’ या नियतकालिकाचे ते संस्थापक-संपादक, इंग्लंडातल्या सौर संशोधनातले वजनदार नाव. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आहेत आणि ती ठळक रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला अंश आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. मॅग्नेशियमचा तो पट्टा खरोखरच जवळजवळ त्याच जागी पडतो, म्हणून सिद्धान्ताला वजन आले. परंतु अशा पट्ट्याची एक खूण असते. त्याची एक कड धारदार असते आणि दुसरी बाजू हळूहळू विरत जाते. तेजोमेघातली रेषा त्याच पट्ट्याची असेल, तर तिच्याही एका बाजूला तसा विरळ पसारा दिसायला हवा. प्रश्न असा अगदी बारीक होता: रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे की एका बाजूने पुसट? या बारीक उत्तरावर विश्वरचनेचा एक संपूर्ण सिद्धान्त टांगलेला होता.

नायगमवाला १८५७ साली मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ. एल्फिन्स्टन कॉलेजातून भौतिकी आणि रसायन घेऊन एम.ए. झालेले आणि पुढे तिथेच प्रायोगिक भौतिकी शिकवू लागलेले. भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी १८८२ साली त्या कॉलेजात वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ साली नायगमवाला इंग्लंडला गेले, तिथे राजज्योतिषी ख्रिस्टी आणि लॉकियर यांना भेटले, आणि नुसत्या प्रयोगशाळेऐवजी वर्णपटाचे वेध घेणारी पूर्ण वेधशाळाच उभारावी असे ठरले. पुढच्या वर्षी त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि १८८८ पर्यंत त्या आवारात वेधशाळा उभी राहिली. हेच कॉलेज पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. तिथली २० इंच व्यासाची ग्रब दुर्बीण ही त्या काळी देशातली सर्वांत मोठी. मृगातला तेजोमेघ पुण्याहून पाहण्याचा भौगोलिक फायदा फारसा कोणी सांगत नाही, तो इथे नोंदवण्याजोगा आहे. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली, खगोलीय विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला हा ढग आहे. लंडनहून तो जास्तीत जास्त ३३ अंश उंच चढतो; पुण्याहून ६६ अंश. म्हणजे पुण्यातल्या निरीक्षकाला त्याचा प्रकाश हवेच्या बऱ्याच पातळ थरातून मिळतो, आणि तोही हिवाळ्यात, दख्खनचे आकाश सर्वांत स्वच्छ असते तेव्हा. या अनुकूलतेचा उपयोग करून १८९१ साली नायगमवालांनी लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला निष्कर्ष कळवला: रेषा सर्व परिस्थितींत धारदारच राहते, तिच्या बाजूला विरणारा पसारा नाही, म्हणून ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष असू शकत नाही. त्याच शहरात त्याच सुमारास लोकमान्य टिळक त्याच मृगशीर्षावरून वेदांचा काळ ठरवू पाहत होते. त्यांचा ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ १८९३ साली निघाला. एका गावात, एका नक्षत्राकडे पाहणाऱ्या दोन प्रखर बुद्धी, आणि दोघांचे प्रश्न इतके वेगळे. मराठी इतिहासलेखनाने टिळकांचा प्रश्न लक्षात ठेवला आणि नायगमवालांचा जवळजवळ विसरून गेले, ही मला मोठी उणीव वाटते.

यावर कोणी म्हणेल की नायगमवालांनी नवे ते काय केले? हगिन्स पती-पत्नींनी लॉकियर यांचा दावा आधीच नाकारला होता, लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनी १८९० साली त्या रेषेची जागा अधिक अचूक मोजली होती. पुण्याचे काम म्हणजे दुजोरा. हे वर्णन बरोबर आहे, पण त्यातून काढलेली किंमत चुकीची आहे. हगिन्स आणि लॉकियर यांच्यात जुनी स्पर्धा होती. एकाने दुसऱ्याला खोडून काढले एवढ्याने प्रकरण मिटणार नव्हते. अशा वेळी तिसऱ्या ठिकाणाहून, तिसऱ्या दुर्बिणीतून, त्या वादात स्वतःचा स्वार्थ नसलेल्या माणसाने दिलेली साक्ष मोलाची ठरते. आणि इथे तर साक्षीदाराचा स्वार्थ असलाच तर उलट दिशेने होता. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळेचा बेत मोठा झाला, ज्यांचा शब्द लंडनच्या शास्त्रीय वर्तुळात चालत असे, त्या लॉकियर यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध त्यांनी निष्कर्ष छापला. वसाहतीतल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकाला हे सोपे नव्हते. वेधात जे दिसले ते लिहिले, इतकी ही साधी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी त्यांना मान द्यायला हवा.

आता जेऊरकडे वळू. तेजोमेघांत जसे ‘नेब्युलियम’, तसे सूर्याच्या प्रभामंडळात ‘कोरोनियम’. १८६९ च्या ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस या अमेरिकनांना सूर्याभोवतीच्या त्या मोतिया प्रभेत एक हिरवी रेषा दिसली. किर्खहोफ यांच्या जुन्या मोजपट्टीवर तिची जागा १४७४ अशी लावली गेली आणि तिथे लोखंडाची एक रेषा असल्यामुळे गोंधळ सुरू झाला. लोखंडाची म्हणावी, तर लोखंडाच्या बाकीच्या रेषा कुठे आहेत? लोखंडाची नाही म्हणावी, तर जागा तीच कशी? जवळजवळ तीस वर्षे हा गुंता तसाच राहिला, कारण प्रभामंडळ फक्त खग्रास ग्रहणात दिसे, तेही मिनिट-दोन मिनिटे, आणि डोळ्याने बघून केलेली मोजणी तेवढ्या वेळात पुरेशी अचूक होत नसे. १८९८ पर्यंत फोटोग्राफी या कामाला आली होती. कॅम्पबेल यांनी जेऊरला एक धाडसी प्रयोग मांडला. सूर्याच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही कडांजवळच्या प्रभामंडळाचा वर्णपट एकाच वेळी टिपायचा. एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते, तेव्हा हिरवी रेषा दोन्हीकडे किंचित विरुद्ध दिशांना सरकेल, आणि त्या फरकावरून प्रभामंडळ कोणत्या वेगाने फिरते ते काढता येईल. फिरण्याचा नियम हाती लागला नाही. फरक इतका सूक्ष्म होता की त्यावर ठाम विधान करता येईना. मात्र त्या प्रयत्नात हिरव्या रेषेची जागा तोवर कधी नव्हती इतकी अचूक मिळाली. १८९९ साली कॅम्पबेल यांनी ती प्रसिद्ध केली: ५३०३.२६ अँगस्ट्रॉम. लोखंडाची रेषा ५३१७ च्या आसपास. म्हणजे तीस वर्षे दोन वेगळ्या रेषा एकच समजल्या जात होत्या. त्याच ग्रहणात कोकण किनाऱ्यावरच्या विजयदुर्गावर लॉकियर यांच्या तुकडीने घेतलेल्या छायाचित्रांतूनही हाच फरक उघड झाला, आणि म्हणून याचे श्रेय एकट्या जेऊरचे नाही. तरीही ज्या मोहिमेचा मूळ हेतू फसला, तिच्या हातून असे टिकाऊ मोजमाप निघावे, हे विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडते आणि जेऊर हे त्याचे ठसठशीत उदाहरण आहे. नायगमवालांनी त्याच तळावर सूर्याच्या कडेवर ग्रहणाच्या सुरुवातीला आणि शेवटी क्षणभर झळकणाऱ्या रेषांचे वर्णपट घेतले आणि १९०२ साली सविस्तर अहवाल छापला. पुण्याच्या वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा तो पहिला खंड.

विजयदुर्गाचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हेलियमचा शोध लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून लावला, असे महाराष्ट्रात सर्रास सांगितले जाते. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ऑगस्टमधले ते ग्रहण फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकियर यांनी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, मायदेशातूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. विजयदुर्गावर ते आले १८९८ साली, जेऊरला पाहिल्या गेलेल्या त्याच ग्रहणासाठी. म्हणजे ज्या ग्रहणाने आपल्याला खरी वैज्ञानिक कमाई दिली, त्याचे श्रेय आपण न घडलेल्या गोष्टीला देऊन बसलो आहोत. विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होत नाही. १८९८ चा त्याचा वाटा पुरेसा मोठा आहे. पण खोट्या हकिगतीवर उभारलेला अभिमान खऱ्या हकिगतीला जागा ठेवत नाही. जेऊर झाकोळले गेले त्याचे हेही एक कारण आहे.

जाणकार वाचक इथे आक्षेप घेईल: सूर्याचे प्रभामंडळ आणि तारे जन्माला घालणारा तेजोमेघ या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. एक लाखो अंश तापलेले आणि सूर्याला लगटून असलेले. दुसरा सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूरचा, काही हजार अंशांचा ढग. मग दोघांना एका दाव्यात बांधणे हा ओढूनताणून लावलेला संबंध नाही का? उत्तर रेषांच्या भौतिकीत आहे. १९२७ साली अमेरिकेत आयरा बोवेन यांनी दाखवले की ‘नेब्युलियम’ नावाचे काही नाही. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. हा ऑक्सिजन उत्तेजित होऊन ज्या पातळीवर पोचतो, तिथून खाली येताना प्रकाश सोडायला त्याला सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. अणूंच्या जगात हा काळ अतिशय मोठा आहे. आपल्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये २५ अब्ज अब्ज रेणू असतात. तिथे इतका वेळ धक्का न लागता राहणे अशक्य, म्हणून प्रयोगशाळेत ती रेषा कधी दिसलीच नव्हती. मृगाच्या तेजोमेघात त्याच जागेत काही हजार अणू. गर्दीच्या बाजारात ज्याला बोलायला सवड मिळत नाही, तो रिकाम्या माळावर निवांत बोलतो, तसे हे आहे. १९३९ नंतरच्या काही वर्षांत ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी हाच विचार पुढे नेला आणि ‘कोरोनियम’ही संपले: जेऊरची हिरवी रेषा लोखंडाचीच निघाली, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची, आणि त्यासाठी तापमान दहा लाख अंशांहून अधिक लागते. दोन्ही रेषा विरळ वायूतच जन्मणाऱ्या, दोन्ही ‘निषिद्ध’ या एकाच वर्गातल्या. आणि दोन्ही कोडी सुटण्याची पूर्वअट एकच होती: आधी रेषा नेमकी कुठे आहे आणि कशी आहे हे निर्विवाद ठरायला हवे. चुकीच्या जागेवरची रेषा घेऊन बोवेन आणि एडलेन यांना गणित मांडता आले नसते. मृगातल्या त्या ऑक्सिजनला आणखी एक अर्थ आहे, जो नायगमवालांना कळणे शक्य नव्हते. ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन उडवायला जोरकस अतिनील प्रकाश लागतो, आणि तो देतात नुकतेच जन्मलेले, अतितप्त, वजनदार तारे. त्यांनी पुण्यात जी धारदार रेषा पाहिली, ती नवजात ताऱ्यांची वर्दी होती.

याहून कठीण आक्षेप दुसरा आहे आणि त्याला टाळून हा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. १८९६-९७ चा दुष्काळ दख्खनवर, त्यात सोलापूर जिल्ह्यावर, नुकताच कोसळून गेला होता. प्लेगने मुंबई-पुणे हादरले होते. जून १८९७ मध्ये पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि ग्रहणाच्या दिवशी मृगावर ग्रंथ लिहिणारे टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. अशा काळात परदेशी पाहुणे येऊन, क्रॉकर घराण्याच्या देणगीतून आणलेली यंत्रे मांडून, दोन मिनिटे सूर्य पाहून निघून गेले. जेऊरच्या माणसांच्या वाट्याला त्यातले काय आले? त्यांची जमीन, त्यांची हमाली, आणि इतिहासात नाव नाही. या आक्षेपातले दुःख खरे आहे. पण त्याचा रोख मोजमापावर धरला तर नेम चुकतो. ग्रहण मोजले नसते म्हणून करमाळ्याच्या शेतकऱ्याच्या घरात ज्वारीचे एक पोते अधिक आले नसते. खरा दोष आहे तो राज्यव्यवस्थेचा: तिने इथले आकाश वापरले आणि ते वाचण्याची विद्या इथल्या समाजात रुजवण्याची तसदी घेतली नाही. नायगमवाला हे या व्यवस्थेत अपवादाने उभे राहिलेले एक भारतीय वैज्ञानिक. जेऊरच्या त्या तळावर ते कोणाचे मदतनीस म्हणून नव्हे, स्वतःच्या मोहिमेचे प्रमुख म्हणून उभे होते. अपवादाचे काय झाले ते पाहिले की व्यवस्थेचा स्वभाव कळतो.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळाच बंद केली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण तिथेही लगेच कामाला लागली नाही; कोडाईकनालला ती उभी राहिली १९५१ साली. सरकारच्या बाजूने युक्तिवाद करता येतो: कोडाईकनालची वेधशाळा १८९९ पासून चालू होती, उंचावर होती, तिथे जॉन एव्हरशेड यांच्यासारखे संशोधक होते, जे स्वतः १८९८ च्या ग्रहणासाठी विदर्भात तळणीला आले होते; एका गरीब देशात दोन ठिकाणी खर्च कशाला? परंतु कोडाईकनाल सूर्यासाठी होते. तेजोमेघांच्या वर्णपटाचे जे काम पुण्यात सुरू झाले होते, त्याला वारस नेमला गेला नाही. पुण्यात एकही शिष्य त्या खुर्चीवर बसवला गेला नाही. वेधशाळा एका माणसावर उभी होती आणि त्या माणसाबरोबर गेली. तारे, आकाश आणि बुद्धी यांपैकी कशाचीही कमतरता नव्हती. संस्था टिकवण्याची इच्छा नव्हती, असेच म्हणावे लागते. १९२० साली कोलकात्याहून मेघनाद साहांनी आयनीभवनाचे सूत्र जगाला दिले, तेव्हा त्याची परीक्षा घेऊ शकेल अशी दुर्बीण पुण्यात उरलेली नव्हती.

दुवा पुन्हा जोडला गेला तो स्वातंत्र्यानंतर, आणि हळूहळू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनबरोबर एक मीटरची दुर्बीण हवेच्या वरच्या थरांत पाठवून ताऱ्यांच्या जन्मस्थळांचे अवरक्त नकाशे केले. पुण्यात १९८८ साली, तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोल-संशोधन संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने सोडलेल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीच्या बांधणीत आयुकाचा सहभाग होता. या दुर्बिणीच्या दोन आरशांचा व्यास प्रत्येकी ३७.५ सेंटिमीटर, म्हणजे नायगमवालांच्या २० इंची आरशाहूनही कमी. पण ती हवेच्या वर आहे आणि नवजात ताऱ्यांचा जो अतिनील प्रकाश पुण्याच्या आकाशातून कधीच खाली पोचत नाही, तो तिला थेट मिळतो. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ यानावर बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने बांधलेला प्रभामंडळाचा वर्णपटमापक आहे. तो तीन रेषा पाहण्यासाठी घडवला आहे आणि त्यातली पहिली ५३०.३ नॅनोमीटरची, जेऊरला मोजलेली हिरवी रेषा. जिच्यासाठी कॅम्पबेल अर्धे जग ओलांडून आले आणि जी त्यांना दोन मिनिटे मिळाली, ती आता ग्रहणाची वाट न बघता, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून न्याहाळता येते. तिकडे जेम्स वेब दुर्बिणीने मृगाच्या त्याच तेजोमेघात, एका नवजात ताऱ्याभोवतीच्या चकतीत, मेथिल कॅटायन हा कार्बनचा रेणू शोधल्याचे २०२३ साली जाहीर झाले. तेही चित्र बघून कळले नाही. अवरक्त वर्णपटातल्या रेषांच्या रांगेतून ओळखले गेले. साडेसहा मीटरचा आरसा, उणे दोनशे अंशांखाली थंड ठेवलेली उपकरणे, आणि शेवटी प्रश्न तोच: रेषा कुठे आहे, कोणाची आहे, आणि तिच्या कडा काय सांगतात.

पुण्यात आणि जेऊरमध्ये ही कामे झाली नसती तरी अवकाश दुर्बिणी झाल्याच असत्या, असे कोणी म्हणाले तर मी ते मान्य करीन. विज्ञानाची साखळी एका कडीवर लोंबकळत नसते. पण साखळीत आपली कडी होती की नव्हती, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर छापील नोंदींत आहे: १८९१ ची लंडनला पाठवलेली टिपणी, १८९९ चा कॅम्पबेल यांचा लेख, १९०२ चा नायगमवालांचा अहवाल. सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाने आणि करमाळ्याच्या महाविद्यालयांनी यातला निदान शेवटचा अहवाल मराठीत आणावा, तळाची जागा शोधून निश्चित करावी आणि जेऊर स्टेशनच्या फलाटावर त्या ग्रहणाची तारीख, मोहीमप्रमुखांची नावे आणि हिरव्या रेषेचा आकडा लिहिलेली एक पाटी लावावी. यासाठी मोठा निधी लागणार नाही, ठरवले तर एका वर्षात होण्यासारखे हे काम आहे.